दोन यमुना आणि आजीची आत्या

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक कथा लिहिली. लिहिण्याचा किडा जुनाच, पण आजवर तो शनिवार-रविवारच्या लेखांवर शांत होत होता. या वेळी म्हटलं, कथाच लिहू. विषय घरातलाच होता. माझ्या आजीची आत्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी नवरा गेला, मग केशवपन, लाल आलवण आणि पुढची पन्नासेक वर्षं भावाच्या घरी. स्वयंपाकघर ते विहीर आणि विहीर ते देवघर. एवढं सामान हाताशी असताना कथा होणार नाही तर काय!

दोन विकांत खपून बारा पानं लिहिली. मित्रांना पाठवली. "डोळ्यात पाणी आलं यार" वगैरे झालं, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मोठ्या ऐटीत आजीला वाचून दाखवली. आजी अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते नेमकं ऐकते. शेवटपर्यंत गप्प बसून ऐकलं आणि म्हणाली,

"छान आहे हो. पण ही बाई कोण?"

"अगं, कोण म्हणजे? तुझी आत्या!"

"छे. बारा पानांत एकदासुद्धा तपकीर मागितली नाही तिनं."

झालं! बारा पानांचा बार फुसका निघाला. मी म्हटलं, तपकिरीचं एक वाक्य घालतो. त्यावर आजी नुसती हसली. ते हसणं काही मला झोपू देईना. साध्या बगसारखं हे प्रकरण एका ओळीत दुरुस्त होणारं नाही, डिझाइनच चुकलंय, एवढं कळलं. पण कुठे चुकलंय?

कोडिंगमध्ये अडलं की आपण काय करतो? आधी कुणी हा प्रश्न सोडवलाय का ते शोधतो. म्हणून मी शोधायला लागलो, की मराठीत लोकांनी खरी वाटणारी माणसं लिहायला सुरुवात कधी केली आणि कशी केली. पुढचे तीन-चार रविवार त्यातच गेले. जे हाती लागलं ते इतकं मजेशीर आहे की एकट्यानं ठेवून घेणं बरं नाही.

गोष्ट दोन यमुनांची आहे.

पहिली यमुना १८५७ सालची. बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून हिचंच नाव बहुतेक ठिकाणी घेतात. बाबा पदमनजी हे ख्रिस्ती झालेले मराठी लेखक, आणि पुस्तकाचा उद्देश लपवलेला नाही. हिंदू विधवांची स्थिती दाखवायची, पुनर्विवाहाची बाजू मांडायची आणि आपल्या नव्या धर्माची वाटही दाखवायची. कथानक असं, की यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. गावोगावी त्यांना विधवा भेटतात. कुणाचा छळ, कुणाची फसवणूक, कुणाचं केशवपन. शेवटी विनायकरावही जातो, यमुना स्वतः विधवा होते, पुढे ख्रिस्ती होऊन दुसरं लग्न करते.

वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक म्हणजे लेखकाची तळमळ शंभर टक्के खरी आहे. दुसरी म्हणजे यमुना नावाची बाई काही केल्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. ती बघते, ऐकते, हळहळते आणि पुढच्या गावाला जाते. भेटणारी प्रत्येक विधवा म्हणजे एकेक टेस्ट केस. अमुक परिस्थिती दिली, तमुक दुःख बाहेर आलं, चला पुढे. यमुनेला स्वतःला काय खायला आवडतं, तिला कुणाचा राग येतो, ती कधी चुकते का, यातलं काही त्या पुस्तकाला नको आहे. तिचं काम साक्षीदाराचं आहे आणि ते ती चोख बजावते.

आता बाबा पदमनजींना हसण्यात अर्थ नाही. समोर एकही मराठी कादंबरी नसताना त्या माणसानं घरात घडणाऱ्या, ओळखीच्या दुःखावर पुस्तक लिहिलं. त्या मानानं त्यांच्यानंतरचे लेखक तर घर सोडून पळालेच!

१८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. सद्गुणी नायिका, दुष्ट कारस्थानी माणसं, संकटांमागून संकटं आणि शेवटी सगळं गोड. लोकांना ती फार आवडली. मग राजे, राजकन्या, अरण्यं, ताटातूट, योगायोग यांची रांगच लागली. त्यातली एक १८६८ सालची 'मंजुघोषा', लेखक नारो सदाशिव रिसबूड. कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना जास्त मोलाची आहे. रिसबूड तिथे फार प्रांजळपणे एक अडचण सांगतात. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा: आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर काही कारणं यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात वाचण्याजोगे गुणही सापडत नाहीत आणि अवगुणही. रोज अनुभवतो तेच लिहिलं तर त्यात रमण्यासारखं काही उरणार नाही. म्हणून करमणुकीसाठी अद्भुताकडे वळावं लागतं.

हे वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुली, त्यांच्या सासवा, विहिरीवरच्या बायका, कोपऱ्यातल्या विधवा, या सगळ्यांनी भरलेल्या घरात बसून एक हुशार, शिकलेला माणूस मनापासून म्हणतोय, की लिहिण्यासारखं इथे काही नाही! यात दुष्टावा नाही. त्याला खरोखरच दिसलं नसणार. रोजची गोष्ट दिसत नाही, हेच तर सगळ्यात अवघड आहे. (आपल्या सोसायटीच्या वॉचमनचं गाव कुठलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं.)

मध्ये १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' येऊन गेली आणि शिवकाळाच्या निमित्तानं का होईना, कादंबरी महाराष्ट्राच्या मातीत उतरली. पण मला हव्या असलेल्या माणसापर्यंत पोचायला अजून वेळ होता.

हा माणूस म्हणजे हरी नारायण आपटे. जन्म १८६४, खानदेशात पारोळ्याला. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकला, त्यामुळे आगरकरांसारखे शिक्षक मिळाले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावानं केलं, तेव्हा या पोरानं त्यावर लांबलचक परीक्षण लिहिलं. गुरूच्या पुस्तकावर! कॉलेजात मात्र गणितानं दगा दिला आणि पदवी काही झाली नाही. (इंजिनिअर वाचकांनी इथे क्षणभर सहानुभूती दाखवावी.) पुढे चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला. ही संस्था अप्पा बळवंत चौकाजवळ आहे. इंजिनिअरिंगच्या सेकंड हँड पुस्तकांसाठी मी त्या भागात चार वर्षं चकरा मारल्या, पण या इमारतीत कोण लिहीत बसायचं याचा पत्ता नव्हता. पुन्हा तेच, रोजचं दिसत नाही.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ ची, आणि तिच्यावर रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाची छाया आहे. म्हणजे त्यांनीही सुरुवात उसनवारीवरच केली. मग १८९० साली त्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं, आणि त्यातून एक कादंबरी हप्त्याहप्त्यानं येऊ लागली. 'पण लक्षात कोण घेतो!' लेखकाचं वय सव्वीस. माझ्या टीममध्ये नुकत्याच आलेल्या पोरांएवढं. आणि नायिकेचं नाव पुन्हा यमुना. घरात हाक मारायची तर यमू.

ते दिवस कसे होते तेही बघायला हवं. रखमाबाईंचा खटला, म्हणजे लहानपणी झालेलं लग्न मानायला नकार देणाऱ्या बाईवर नवऱ्यानं लावलेला दावा, १८८४ ते १८८८ असा गाजून गेला होता. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मर्यादा दहावरून बारा झाली, आणि त्यावरून टिळक-आगरकर वाद पेटला. म्हणजे या विषयावर सगळेच बोलत होते. अग्रलेख, सभा, शिव्या, शास्त्रार्थ, काही कमी नव्हतं. वाद घालायला हरिभाऊंची गरजच नव्हती.

त्यांनी काय केलं? वाद बाजूला ठेवून एका मुलीला बोलायला लावलं. सगळी कादंबरी यमूच्या तोंडून आहे. तिची आत्मकथाच. तापट वडील, सोशीक आई, भाऊ, दुर्गी नावाची मैत्रीण, तिचा हाल करणारा नवरा, मग यमूचं सासर, तिला लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा रघुनाथराव, त्यावरून घरातल्या बायकांचे टोमणे, मुंबईतले थोडे मोकळे दिवस, नवऱ्याचा मृत्यू. आणि शेवटी शंकरमामंजींच्या पुढाकारानं झालेलं जबरदस्तीचं केशवपन, ज्यातून ती सावरत नाही.

गोष्ट म्हणून पाहिलं तर १८५७ च्या यमुनेला भेटलेल्या एखाद्या विधवेचीच ही हकीकत. पण ही यमू खोलीत येऊन बसते. का? मी माझ्या परीनं तीन कारणं काढली. समीक्षक याहून बरं सांगतील, मी फक्त माझ्या फसलेल्या बारा पानांशी ताडून बघत होतो.

पहिलं म्हणजे, यमूला जेवढं कळतं तेवढंच ती सांगते. लहान असताना मोठ्यांच्या बोलण्यातलं तिला अर्धंमुर्धं कळतं, तिचा अर्थ ती लावते, तो कधी चुकतो. वाचकाला मात्र पुढचं दिसत असतं, आणि पोटात गोळा येतो तो या फरकामुळे. माझ्या कथेत बारा वर्षांची विधवा मुलगी रूढींबद्दल जे विचार करत होती, ते चाळीस वर्षांचा मी, हातात मोबाइल घेऊन, लिहीत होतो.

दुसरं म्हणजे, यमू दुःखातच राहत नाही. ती पाल्हाळ लावते. विषय सोडून भलतीकडे जाते, परत येते. थट्टा, रुसवे, मैत्रिणींच्या गप्पा, सगळं असतं. एक तर कादंबरी जाडजूड आणि वाचकाला ती १८९० ते १८९३ अशी, दर आठवड्याला घासघास मिळालेली. वाचकांनी तिच्यासोबत वर्षं काढली. शेवटचा वस्तरा पडला तो 'विधवा' नावाच्या प्रश्नावर पडला नाही, तीन वर्षांच्या ओळखीच्या मुलीवर पडला. माझ्या कथेत तिसऱ्याच पानावर न्हावी हजर होता. ओळख व्हायच्या आधीच!

तिसरं म्हणजे भाषा. ती घरातली आहे. बायका एकमेकींत बोलतात ती. सव्वीस वर्षांच्या पुरुषाला ही कुठून सापडली? ऐकून, दुसरं काय! मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबरीकार काशीबाई कानिटकर आणि हरिभाऊ यांचा जवळचा स्नेह होता, दोघांचा पत्रव्यवहार होता. बरोबरीच्या नात्यानं एका लिहित्या बाईचं बोलणं ऐकणारा पुरुष त्या काळात किती दुर्मीळ असेल याचा विचार करा.

आता प्रश्न असा, की हे खरं 'वाटतं' हे ठीक, पण खरं होतं का? याची तपासणी पुढे आपोआप झाली. बायकांनी स्वतःची आयुष्यं स्वतः लिहिली तेव्हा. १९१० साली रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं. शिकवणारा नवरा आणि त्यावरून घरातल्याच बायकांचा जाच, हे तिथे जसंच्या तसं भेटतं. हरिभाऊंनी घर बरोबर ओळखलं होतं. मग १९३० च्या दशकात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली आणि मला वाटतं तिथे हरिभाऊही मागे पडले. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घराला काय भोगावं लागलं ते सांगतात, आणि सांगताना हसवतात! ज्यानं छळलं त्याच्याबद्दल राग, माया आणि गंमत एकाच वाक्यात. हे कल्पनेनं सुचणं फार कठीण.

हरिभाऊंची कमी बाजूही सांगायला हवी. त्यांचा रघुनाथराव मला पटत नाही. किती चांगला असावा एखाद्यानं! आम्ही ऑफिसात 'युझर पर्सोना' बनवतो. वय अठ्ठावीस, पुण्यात राहते, सकाळी योगा करते, वेळेची किंमत जाणते. अशी बाई जगात कुठेही नाही, तरी तिच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. रघुनाथराव मला थोडा तसा वाटतो. सुधारकांना हवा असलेला नवरा. आणि शंकरमामंजी दुसऱ्या टोकाला. ज्याच्यावर लेखकाचं काम अडलेलं असतं, ते पात्र लाकडाचं होतं. यमूवरही काम अडलेलं होतंच, पण तिला त्यांनी बोलू दिलं, म्हणून ती वाचली.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी परत आजीकडे गेलो. या वेळी कथा नेली नाही, वही नेली. म्हटलं, "आत्याबद्दल सांग. काहीही सांग."

आजी सुरू झाली. आत्या पत्त्यांत लबाडी करायची. पकडलं की म्हणायची, मला नीट दिसत नाही. सुईत दोरा मात्र पहिल्या फटक्यात ओवायची. नकला अशा करायची की विहिरीवरच्या बायका हंडे खाली ठेवायच्या. कुणी आजारी पडलं की रात्र-रात्र उशाशी बसायची आणि सकाळी त्याच माणसाला घालून पाडून बोलायची. मी भराभर लिहीत होतो. सोनं सापडल्यासारखं वाटत होतं.

मग आजी थांबली. म्हणाली, "माझं कॉलेज तिनंच मोडलं, माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं.

आजी मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी. वडील पुढे शिकवायला अर्धे तयार होते. आत्या आडवी पडली. दोन दिवस जेवली नाही. मुलगी शिकून हातची जाते म्हणाली. वडील बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते, तिचं सगळं आयुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर करपलेलं. ते गप्प बसले आणि त्याच वर्षी आजीचं लग्न ठरलं.

"मग तुला राग नाही आला?"

"आला तर! बोलत नव्हते तिच्याशी. लग्नात पाया पडले ती वरवर. पुढे चार वर्षांनी ती गेली, तोवर धड बोललेच नाही." जरा वेळानं म्हणाली, "तुझ्या गोष्टीत तू तिला सारखं बिचारी म्हटलंयस. बिचारी नको म्हणूस रे. तिला कुणी बिचारी म्हटलेलं खपायचं नाही. आणि मला तिचा राग आहे तो राहू दे. बिचारीवर राग कसा धरणार मी?"

मी वही मिटली. माझ्या कथेत आत्या आजीला चोरून अभ्यासाला बसवते असा एक प्रसंग होता. मीच रचलेला. मित्रांच्या डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं तिथेच. आजीनं तो ऐकून घेतला होता आणि काहीही न बोलता तपकिरीवर विषय नेला होता.

म्हणजे मी नेमकं काय केलं होतं? एका बाईच्या हातून घडलेली चूक पुसून तिथे तिची पूजा मांडली होती. आणि जिचं त्यात नुकसान झालं, तिलाच ती वाचून दाखवली होती. रिसबुडांना घरात गुण-अवगुण दिसले नाहीत. मला गुण तेवढे हवे होते. फरक फारसा नाही.

तर कथेत खरं माणूस आणायचं म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे: त्या माणसावर कुणाला तरी राग धरता आला पाहिजे. जिच्यावर अन्याय झाला ती पुढे अन्याय करू शकते, आणि तरी तिच्या नकलांना हसू येतं. यातलं काहीही दुसऱ्यासाठी कापायचं नाही. कौशल्य वगैरे नंतर. आधी ज्यांनी ते माणूस पाहिलंय त्यांना विचारायचं, आणि ते सांगतील ते गैरसोयीचं असलं तरी ठेवायचं. घाईही आहे. आत्याला पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि तेही हल्ली दुपारी मला माझ्या बाबांच्या नावानं हाक मारतं.

बारा पानं टाकून दिली. नवी दोनच झाली आहेत. त्यात न्हावी नाही, आलवणाचा उल्लेख एकदाच आहे. उन्हाळ्यातली दुपार, पत्त्यांचा डाव आणि मॅट्रिकचा निकाल घेऊन आलेला पोस्टमन, एवढंच. गेल्या रविवारी आजीला वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली. वाचून संपलं, मी कागद घडी करायला लागलो, तेव्हा म्हणाली,

"तपकीर डाव्या हातानं ओढायची ती. उजव्या हाताला सोवळं असायचं."

तेवढं दुरुस्त करून घेतलंय. पुढचं पान या शनिवारी.